कशाच्या तुलनेत? : हट्टी मुलं, थकलेले पालक आणि कंट्रोल ग्रुपचा इतिहास



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिसमधल्या 'रिसर्च गॅप'बद्दल बोललो होतो. आज जरा मागे जाऊया. पेटची तयारी करताना किंवा आरआरसीसमोर जायच्या आधी बहुतेक जण आपल्या विषयाचा इतिहास दोन परिच्छेदांत उरकून टाकतात. मीही उरकला होता. "अमुक साली अमुक यांनी सुरुवात केली, त्यानंतर अनेक संशोधकांनी मोलाची भर घातली" असं लिहिलं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. ते चांगलंच अंगाशी आलं, म्हणून हा लेख.

नवीन वाचकांसाठी माझा विषय थोडक्यात सांगते. लहान मुलं हट्ट करतात, आदळआपट करतात, चावतात, रस्त्यात लोळण घेतात. हे सगळ्याच घरांत होतं, पण काही घरांत ते रोजचं आणि इतकं जास्त होतं की आईवडिलांच्या नाकी नऊ येतात. अशा पालकांना इंटरनेटवरून प्रशिक्षण दिलं तर मुलाच्या वागण्यात फरक पडतो का, याच्या ज्या चाचण्या जगभर झाल्या त्यांची आकडेवारी मी एकत्र करते. मी मूळची एमएस्सी स्टॅटिस्टिक्सची. मानसशास्त्र मी पीएचडीला नाव नोंदवल्यावर वाचायला लागले, त्यामुळे सुरुवातीला मला फक्त आकडे दिसायचे. त्या आकड्यांमागची माणसं दिसायची नाहीत.

गेल्या वर्षी प्रोग्रेस सेमिनारला मी एक स्लाइड लावली. त्यावर ठळक अक्षरांत होतं : इफेक्ट साइझ 0.6. बाहेरून आलेल्या एक्स्पर्ट मॅडमनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "कशाच्या तुलनेत?" मी म्हटलं, "मॅडम, कंट्रोल ग्रुपच्या." त्या म्हणाल्या, "हो, पण त्या ग्रुपला काय मिळत होतं?" मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो 0.6 मी मूळ पेपरमधून घेतलाच नव्हता. एका दुसऱ्याच पेपरच्या प्रस्तावनेतून उचलला होता. (हे वाचून ज्यांना कसंनुसं झालं, त्यांनी आपापल्या रेफरन्स मॅनेजरवर एकदा नजर टाकून यावी.)

त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला वहिनीचा फोन. भाचा साडेतीन वर्षांचा. "अगं, तू ह्याच विषयात पीएचडी करतेस ना? एक पेरेंटिंगचं ॲप आहे, वर्षाचे पैसे एकदम भरायला सांगतायत. घेऊ का? खरंच उपयोग होतो का गं?" मागून भाच्याचं भोकाड ऐकू येत होतं. मला उत्तर देता आलं नाही. मॅडमचा प्रश्न आणि वहिनीचा प्रश्न एकच होता, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं. मग मी 1959 पासून वाचायला सुरुवात केली.

एक पान आणि एक 'आँट'

1959 साली सी. डी. विल्यम्स यांनी एक पेपर छापला. जेमतेम एका पानाचा. एकवीस महिन्यांचा मुलगा, आयुष्याचे पहिले दीड वर्ष मोठ्या आजारपणात गेलेलं. त्या काळात सगळ्यांनी त्याला जपलं, ते साहजिकच होतं. बरा झाल्यावरही रात्री झोपवताना कोणीतरी शेजारी बसून राहायला हवं, नाहीतर किंचाळून घर डोक्यावर. झोपेपर्यंत अर्धा ते दोन तास कोणीतरी अडकून पडायचं. उपाय असा ठरला : प्रेमाने झोपवायचं, दार लावायचं, परत आत जायचं नाही. पहिल्या रात्री पोर पंचेचाळीस मिनिटं रडलं. पुढे रडणं कमी होत गेलं आणि दहाव्या खेपेपर्यंत थांबलं.

आठवड्याभराने घरातल्या आँटने त्याला झोपवलं. तो रडला, तिला राहवलं नाही, ती परत खोलीत गेली आणि तो झोपेपर्यंत बसून राहिली. झालं! सगळं पहिल्यापासून. पुन्हा तोच उपाय, पुन्हा तोच उतरता आलेख. (ही आँट मावशी, आत्या की काकू, ते पेपरात नाही. इंग्रजीत त्याचं काही अडत नाही. मराठीत लिहायला बसले आणि तिथेच अडले.)

आजच्या पद्धतशास्त्राने बघितलं तर ह्या पेपरात काय आहे? एक मूल. कंट्रोल ग्रुप नाही. पण त्या आँटने नकळत प्रयोगाची पुनरावृत्ती घडवून आणली. लक्ष काढलं की रडणं कमी, लक्ष दिलं की रडणं परत, पुन्हा काढलं की पुन्हा कमी. इथे तुलना त्या मुलाची त्याच्या स्वतःशीच आहे. तेव्हा वर्तनवादी मंडळी तुलना अशीच करायची. मुलाला तसं रडू द्यावं का, हा वेगळा वाद आहे आणि तो अजून संपलेला नाही. मी त्यात शिरत नाही.

1964 साली माँट्रोज वुल्फ आणि सहकाऱ्यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. पेपरात त्याचं नाव डिकी. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, चष्मा घातला नाही तर दृष्टी जाणार, आणि हा चष्मा घालू देईना, फेकून द्यायचा. आज आपण ज्याला टाइम-आउट म्हणतो त्या पद्धतीचा हा सुरुवातीचा, नीट नोंदवलेला उपयोग. रागाचा झटका आला की थोडा वेळ वेगळ्या खोलीत, चष्मा घातला की शाबासकी आणि आवडीच्या गोष्टी. महत्त्वाचं हे की वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांबरोबर आईवडिलांनाही हे शिकवलं गेलं.

ह्याच सुमाराला एक मोठी उलथापालथ होत होती, आणि ती माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये एका ओळीतही नव्हती. तोवरच्या बालमार्गदर्शन केंद्रांत मुलाला आत नेऊन तज्ज्ञ खेळवायचे, आईशी वेगळं बोलायचे. आई ही बहुतेक वेळा समस्येचं कारण मानली जायची. साठच्या दशकातल्या ह्या तरुण संशोधकांनी साधा हिशेब मांडला : तज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून तासभर असतं, बाकीचे सगळे तास घरी असतं. मग शिकवायचं कोणाला? 1966 साली हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलावरची चाचणी थेट त्याच्या घरात केली. संशोधक बाजूला बसायचे, हाताने खूण करायचे, आणि आई त्या खुणेनुसार दटावायची, दूर न्यायची किंवा कौतुक करायची. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका पेपरात खुणेच्या जागी दिवा होता. दिवा लागला की आईने प्रतिसाद द्यायचा. ह्या दिव्याला तुम्ही आजच्या ॲपच्या नोटिफिकेशनचा खापरपणजोबा म्हटलं तरी चालेल.

ओरेगॉनमधली दोन माणसं

आता थोडं थांबूया, कारण पुढचं सगळं इथून निघतं.

जेराल्ड पॅटर्सन. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं युजीन नावाचं गाव. पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी लोकांच्या घरी जाऊन बसायचे. अट अशी की घरातली सगळी माणसं हजर हवीत, दोनच खोल्यांत वावरायचं, टीव्ही बंद, बाहेर फोन करायचे नाहीत, आणि निरीक्षकाशी बोलायचं नाही. निरीक्षक दर सहा सेकंदांनी नोंद करायचा : आईने काय केलं, मुलाने काय केलं, मग पुन्हा आईने काय केलं. विचार करा, दर सहा सेकंदांनी! आपण एक्सेलमध्ये शंभर ओळी भरून थकतो.

ह्या कंटाळवाण्या नोंदींतून जे निघालं ते मात्र मुळीच कंटाळवाणं नाही. आई म्हणते, "खेळणी उचल." मूल कुरकुरतं. आई पुन्हा म्हणते, आवाज चढवून. मूल किंचाळतं. आई थकते आणि म्हणते, "राहू दे, मीच उचलते." मूल लगेच गप्प. इथे कोण काय शिकलं? मूल शिकलं की किंचाळलं की काम टळतं. आणि आई? तिलाही बक्षीस मिळालंय : शांतता. तिने माघार घेतली आणि आवाज थांबला, म्हणून पुढच्या वेळी ती लवकर माघार घेणार. कधीतरी उलटं होतं, आई इतकी ओरडते किंवा धपाटा घालते की मूल गप्प होतं, मग आईही तेच शिकते. दोघं एकमेकांना तयार करत असतात, आणि दोघांनाही वाटत असतं की समोरचा आपल्याला छळतोय. पॅटर्सन ह्याला 'कोअर्शन' म्हणाले. मी ह्याला मराठीत 'दमदाटीचं चक्र' म्हणते. गाइड सरांना तो शब्द आवडत नाही, पण त्यांना अजून दुसरा सुचलेला नाही.

आईला दोष द्यायचा नाही आणि मुलालाही नाही, दोष त्या चक्राचा : ही मांडणी मला आजही सुंदर वाटते. पूर्ण सिद्धांत 1982 च्या त्यांच्या ग्रंथात आहे. पण त्याआधी, 1968 मध्येच, त्यांनी एलिझाबेथ गुलियन यांच्याबरोबर पालकांसाठी 'लिव्हिंग विथ चिल्ड्रन' हे छोटं पुस्तक काढलं होतं. त्याची रचना गमतीची आहे. दोन वाक्यं वाचायची, मग गाळलेली जागा भरायची, मग पुढे. प्रशिक्षकाशिवाय पालकाने स्वतः शिकायचं, आणि मध्येमध्ये त्याला उत्तर देत ठेवायचं. आजच्या ऑनलाइन कोर्समधली 'क्विझ' पाहिली की मला हेच पुस्तक आठवतं.

दुसरी व्यक्ती कॉन्स्टन्स हॅन्फ. पोर्टलंडमधल्या ओरेगॉनच्या मेडिकल स्कूलमध्ये होत्या. एकतर्फी आरसा, आरशाच्या आत आई आणि मूल, आरशामागे हॅन्फ. आईच्या कानात छोटं यंत्र. हॅन्फ मागून सांगायच्या, आई तसं करायची. पहिला टप्पा : मुलाने खेळ ठरवायचा, आईने त्याच्यामागे जायचं. दुसरा टप्पा : आईने सांगायचं, मुलाने ऐकायचं. ही दोन टप्प्यांची पद्धत त्यांनी 1969 च्या सुमाराला एका परिषदेत मांडली, पण स्वतः त्यावर फारसं छापलं नाही. तरीही शीला आयबर्ग यांची पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी घ्या किंवा फोरहँड आणि मॅकमहन यांची पद्धत घ्या, मूळ शोधत गेलात की त्याच आरशामागे पोचता. एच-इंडेक्सच्या काळात हॅन्फबाईंचं काय झालं असतं कोण जाणे.

कॅसेट, टीव्ही, आणि पहिल्यांदा नीट विचारलेला प्रश्न

पुढची अडचण पैशाची होती. एका आईमागे एक तज्ज्ञ, एक आरसा, महिनोन्महिने. किती जणींना पुरणार? सिएटलमध्ये कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांनी व्हिडिओ कॅसेटचा मार्ग धरला. आईवडील आणि मुलांचे छोटे छोटे प्रसंग, काही चांगले हाताळलेले, काही बिघडलेले. ते बघायचे आणि त्यावर बोलायचं.

त्यांचा 1988 चा पेपर मी तुम्हाला मुद्दाम वाचायला सांगेन. 114 कुटुंबं, चार गट. पहिल्या गटातले पालक एकेकटे कॅसेट बघणार. दुसऱ्यातले गटात बसून, तज्ज्ञाबरोबर चर्चा करत कॅसेट बघणार. तिसऱ्यात फक्त चर्चा, कॅसेट नाही. चौथा प्रतीक्षायादीवर. म्हणजे 'उपयोग होतो का' एवढंच विचारलं नाही. उपयोग कॅसेटचा, चर्चेचा, की दोन्ही एकत्र असण्याचा, हे वेगळं काढायचा प्रयत्न केला. निकाल असा की तिन्ही गट प्रतीक्षायादीच्या पुढे गेले आणि आपसात फरक फार थोडा. जो होता तो चर्चा अधिक कॅसेट ह्या गटाच्या बाजूने. एकट्याने कॅसेट बघणारे पालकही सुधारले, आणि तो मार्ग सगळ्यात स्वस्त होता. पण तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा चर्चा आणि कॅसेट दोन्ही मिळालेल्या गटाची सुधारणाच सर्वांत टिकलेली दिसली.

ह्या एका पेपरात पुढच्या तीस वर्षांचा वाद आहे. यंत्र एकटं पुरेसं आहे की सोबत माणूस लागतो?

इकडे ऑस्ट्रेलियात प्रश्न अंतराचा होता. ब्रिस्बेनमध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात मॅट सँडर्स यांनी ट्रिपल पी नावाचा कार्यक्रम उभा केला. दूरदूरच्या शेतांवर राहणाऱ्या पालकांसाठी वर्कबुक आणि आठवड्याचा फोन, असा प्रयोग त्यांच्या गटाने 1997 मध्ये छापला. मग टीव्ही मालिका. ब्रिटनमध्ये 2005 साली आयटीव्हीवर 'ड्रायव्हिंग मम अँड डॅड मॅड' ही मालिका लागली. तिच्या चाचणीत काही पालकांनी नुसती मालिका बघितली, तर काहींना जोडीला वर्कबुक आणि वेबसाइटचा आधार मिळाला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच लक्षात ठेवा की इंटरनेट ह्या विषयात टीव्हीचं बोट धरून आलं.

'नेहमीसारखं इंटरनेट'

2012 साली सँडर्स, बेकर आणि टर्नर यांची ट्रिपल पी ऑनलाइनची चाचणी छापून आली. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचे 116 पालक. चिठ्ठी टाकावी तशी वाटणी : 60 जणांना आठ भागांचा ऑनलाइन कार्यक्रम, 56 जणांना काही नाही. पण 'काही नाही' म्हणजे काय? इथे माझी पेन्सिल थांबली. पेपरात कंट्रोल ग्रुपचं नाव आहे 'इंटरनेट-ॲज-यूज्वल'. म्हणजे त्या पालकांच्या घरीही इंटरनेट होतंच. रात्री साडेअकराला तेही काहीतरी शोधत असणारच.

1959 च्या आईला दुसरा काही आधार नव्हता. 2012 च्या आईला हजार आधार होते, बरे-वाईट. त्यामुळे 'काहीच नाही' असा कंट्रोल ग्रुप आता मिळणं अवघड आहे. त्या पेपरात कार्यक्रम घेतलेल्या पालकांची मुलं नेहमीसारख्या इंटरनेटवाल्यांपेक्षा सुधारली. ही तुलना प्रामाणिक आहे असं माझं मत.

दोन वर्षांनी न्यूझीलंडमधली चाचणी आली. 193 कुटुंबं. ह्या वेळी ऑनलाइन कार्यक्रमाची तुलना त्याच कार्यक्रमाच्या छापील वर्कबुकशी. निकाल : ऑनलाइन वर्कबुकपेक्षा कमी पडत नाही. हा 'नॉन-इन्फिरिऑरिटी' डिझाइनचा छान नमुना आहे, पेटला विचारतात, बघून ठेवा. पण वहिनीच्या बाजूने विचार केला तर ह्याचा अर्थ काय होतो? चकचकीत स्क्रीन आणि कागदाचं पुस्तक, दोन्हीचं काम जवळपास सारखं. 1968 ची गाळलेली जागा तेव्हाही चालत होती, आजही चालते.

माझा 0.6 कुठून आला होता

2012 मध्येच स्कॉटलंडमधल्या फिलिप विल्सन आणि सहकाऱ्यांनी ट्रिपल पीच्या 33 अभ्यासांचं सिस्टिमॅटिक रिव्ह्यू प्रसिद्ध केलं. माझा 0.6 इथला. नेमका आकडा 0.61, आणि तो आयांनी सांगितलेल्या वागणुकीचा. वडिलांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा आकडा 0.42, आणि त्याचं कॉन्फिडन्स इंटरव्हल -0.02 ते 0.87. म्हणजे शून्य आतच आहे. त्याच घरातलं, तेच मूल! शिवाय ह्यातले बहुतांश कार्यक्रम ऑनलाइन नव्हतेच, गटातले, समोरासमोरचे किंवा पुस्तकावरचे होते. मी तो आकडा ऑनलाइनच्या स्लाइडवर लावला होता. मॅडम एवढ्यावर थांबल्या ही त्यांची कृपा.

पुढचं वाचा. 33 पैकी 31 अभ्यासांत तुलना प्रतीक्षायादीशी किंवा काहीच न मिळालेल्यांशी. ज्या दोन अभ्यासांत कंट्रोल ग्रुपलाही काहीतरी खरंखुरं मिळत होतं, त्यांत फरक आढळला नाही. 33 पैकी 32 अभ्यासांच्या लेखकांत ट्रिपल पीशी संबंधित माणसं होती. एकही चाचणी आधी नोंदवलेली नव्हती. हितसंबंधांचं निवेदन फक्त दोन पेपरांत.

सँडर्स यांच्या गटाने त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं, आणि 2014 मध्ये 101 अभ्यासांचं स्वतःचं मेटा-अॅनालिसिस आणलं. दोन्ही बाजू वाचा. ही लबाडी होती असं मला वाटत नाही. ज्याने कार्यक्रम बनवला तोच तो आधी तपासणार, दुसरं कोण तपासणार? पण तपासणाराच लेखक, लेखकच प्रशिक्षक, आणि कार्यक्रमाच्या विक्रीतून रॉयल्टी, असं असलं की वाचणाऱ्याने पेपर दोनदा वाचावा.

आणि मोजलं कोणी? पॅटर्सनचा निरीक्षक घरी बसून दर सहा सेकंदांनी नोंद करायचा. ऑनलाइन चाचण्यांत घरी कोणी जात नाही. आई कार्यक्रम शिकते आणि तीच प्रश्नावली भरते. आपण कोणत्या गटात आहोत हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिने सांगितलेली सुधारणा खोटी नसते, कधीकधी आईला मूल कमी त्रासदायक वाटणं हीच मोठी गोष्ट असते. पण मूल बदललं की आईची नजर बदलली, हे त्या आकड्यातून कळत नाही. संख्याशास्त्रवाल्या मला हे शिकायला दोन वर्षं लागली.

फिनलंड

फिनलंडमध्ये नेउवोला म्हणून बालआरोग्य केंद्रं असतात, लहान मुलं ठरावीक वयात तिथे तपासणीला जातात. आंद्रे सोरांडर आणि सहकाऱ्यांनी नैऋत्य फिनलंडमधल्या 4656 चार वर्षांच्या मुलांच्या पालकांना ह्या तपासणीच्या वेळीच प्रश्न विचारले. 730 मुलं जास्त त्रासदायक वागणुकीच्या निकषात बसली. त्यातल्या 464 कुटुंबांनी भाग घेतला. अर्ध्यांना अकरा भागांचा इंटरनेट कार्यक्रम, आणि दर आठवड्याला प्रशिक्षित व्यक्तीचा फोन. हा फोनचा सांगाडा मुळात कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या पॅट्रिक मॅकग्रा यांच्या गटाकडून आलेला. उरलेल्या अर्ध्यांना सल्ल्याची एक वेबसाइट आणि पंचेचाळीस मिनिटांचा एकच फोन.

दोन गोष्टी बघा. आधीच्या चाचण्यांत बहुतेक पालक जाहिरात वाचून स्वतः आलेले. म्हणजे ज्यांना आधीच काहीतरी करायचं होतं असे. इथे संशोधकच सगळ्यांच्या दारात गेले. आणि दुसरं, कंट्रोल ग्रुपला रिकाम्या हाताने ठेवलं नाही. 2016 साली निकाल आला. बारा महिन्यांनी इफेक्ट साइझ 0.34. दोन वर्षांनीही फरक टिकलेला.

सेमिनारच्या आधी मी हा 0.34 बघून नाक मुरडलं होतं. 0.6 च्या शेजारी तो किरकोळ दिसायचा. आता विचाराल तर माझ्या सगळ्या टेबलात मला तो सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो सोप्या प्रतिस्पर्ध्याला हरवून मिळवलेला नाही. मोजमाप इथेही पालकांचंच आहे, ही त्रुटी आहेच.

2017 मध्ये अमेरिकेत जोनाथन कोमर यांच्या गटाने तर हॅन्फबाईंचा आरसाच इंटरनेटवर नेला. तीन ते पाच वर्षांची 40 मुलं. अर्धी दवाखान्यात, अर्धी घरी, समोर वेबकॅम, आईच्या कानात ब्लूटूथ, आणि दूरवरून तज्ज्ञ थेट बोलतोय. घरचा गट निदान मागे तरी पडला नाही. मला त्यात एक गोष्ट फार पटली : मूल आदळआपट घरी करतं, दवाखान्यातल्या स्वच्छ खेळघरात नाही. मग शिकवणीही घरीच.

कोविडमध्ये हे सगळं एकदम वेगाने पसरलं. 2020 च्या मार्चमध्ये ल्युसी क्लूव्हर आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये पालकांसाठीच्या छोट्या टिप-पानांबद्दल लिहिलं आणि ती पानं शंभराहून अधिक भाषांत गेली. ती चाचण्या झालेल्या कार्यक्रमांतून काढलेली होती. पण तपासलेल्या कार्यक्रमातून काढलेलं पान आणि तपासलेलं पान ह्यात फरक असतो. त्या दिवसांत तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता, हेही खरं.

तर वहिनी. मी तिला ॲपवाल्यांना तीन गोष्टी विचारायला सांगितल्या : चाचणी झालीये का, तुलना कशाशी केली, आणि मोजलं कोणी. दोन दिवसांनी तिला एक पीडीएफ आली. त्यात एकच आलेख, 'आधी' आणि 'नंतर'. कंट्रोल ग्रुप नावाची गोष्टच नाही. तिने पैसे भरले नाहीत. मी तिला पॅटर्सनचं चक्र कागदावर काढून दाखवलं, खेळणी उचलण्याच्या उदाहरणासकट. ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "हे ठीक आहे गं. पण मी माघार घेतली नाही, तरी आई येतात आणि त्याला बिस्किट देतात. तुझ्या पेपरात सासूबाई आहेत का?"

मी म्हटलं, 1959 मध्ये एक आँट आहे.

माझ्या नव्या स्लाइडवर आता इफेक्ट साइझच्या शेजारी आणखी दोन रकाने आहेत, 'कंट्रोल ग्रुपला काय मिळालं' आणि 'मोजलं कोणी'. घरात माणसं किती, हा चौथा रकाना टाकायचा माझा विचार आहे. गाइड सर म्हणतात, माहितीच मिळणार नाही, बहुतेक पेपरांत ती नसते. बरोबर आहे त्यांचं. रकाना मी तरीही ठेवलाय, सध्या बराचसा रिकामा. आणि आईला बिस्किटाचं कोणी सांगायचं, ह्यावर माझं आणि वहिनीचं अजून एकमत झालेलं नाही.